फाटकावर माझं नाव आहे : एका श्वान नोडल अधिकाऱ्याचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महापालिकांचे आयुक्त आणि नगरपरिषदांचे मुख्याधिकारी यांस

विषय : आवारातील भटक्या कुत्र्यांची माहिती विहित नमुन्यात सादर करणेबाबत, आणि नमुन्यात न मावलेल्या माहितीबाबत

महोदय, महोदया,

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर गेल्या महिन्यात एक पाटी लागली. रॅगिंगविरोधी समितीच्या पाटीखाली आणि 'येथे वाहने लावू नयेत'च्या वर. तिच्यावर लिहिलंय 'श्वान नोडल अधिकारी', खाली माझं नाव आणि माझा मोबाइल नंबर. रंगाऱ्याने 'श्वान'मधला काना आधी विसरला होता, तो नंतर घुसवलाय.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाची ही आमच्या दारापर्यंत आलेली शेपटी. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायची, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना निवारागृहात ठेवायचं, उचललं तिथे परत सोडायचं नाही. आठ आठवड्यांत कुंपण, दर संस्थेला एक नोडल अधिकारी, त्याचं नाव प्रवेशद्वारावर, आणि दर तीन महिन्यांनी तुमच्या लोकांची पाहणी. प्राचार्यांनी मला निवडताना फार विचार केला नाही. "तुम्ही प्राण्यांवरच काहीतरी करता ना?"

करतो. मी तत्त्वज्ञान शिकवतो, आणि माणसं व जनावरं एकमेकांसोबत कशी राहतात, त्यात सरकार नावाची गोष्ट कुठून शिरते, हे बरीच वर्षं शोधतोय. त्यासाठी अभिलेखागारात बसतो, जनावरांच्या बाजारात उभा राहतो, न्यायालयांचे निकाल वाचतो. हा नेमका कोणता विषय, असं कुणी विचारलं की तत्त्वज्ञानवाले इतिहासाकडे बोट दाखवतात आणि इतिहासवाले समाजशास्त्राकडे. विद्यापीठाच्या फॉर्मात 'आंतरविद्याशाखीय' असा रकाना आला तेव्हा कुठे मला हक्काचं घर मिळालं. आजवर मी राज्यसंस्थेकडे बाहेरून बघून लेख लिहीत होतो. आता तिचंच एक बारीकसं टोक माझ्या हाती आलंय आणि त्यावर माझा फोन नंबर आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून आलेल्या नमुन्यात सहा रकाने आहेत. अनुक्रमांक, आवारातील कुत्र्यांची संख्या, नर, मादी, पिल्ले, शेरा. मी संख्येत पाच लिहिलं आणि तिथेच अडलो. कारण ती पाच कुत्री मला माहीत आहेत, पण त्या सहा रकान्यांत त्यांच्यापैकी एकही मावत नाही.

रात्रपाळीच्या काकांचं बिस्किट घ्या. काका फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसतात. वय साठीच्या पुढे, ठेकेदारामार्फत कामाला, बारा तासांची पाळी. बिस्किट त्यांच्या खुर्चीखाली झोपतं. काका मला एकदा म्हणाले, "सर, मला एका कानाने कमी ऐकू येतं. हे ठेकेदाराला सांगू नका. पण हा उठला की मी उठतो." म्हणजे या महाविद्यालयाची रात्रीची राखण प्रत्यक्षात दोघं करतात आणि पगार एकाला मिळतो. तुमच्या नमुन्यात बिस्किट म्हणजे 'नर, १'.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी आली. सकाळचे अकरा, चार माणसं, दोन जाळ्या. बिस्किटाने काय करावं? उठून शेपूट हलवत त्यांच्याकडे गेलं. त्याच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे तुमच्याच खात्याने कधीतरी त्याची नसबंदी केलीय आणि त्याच वेळी लसही टोचलीय. अर्ध्या मिनिटात ते जाळीत होतं. मेसच्या मागे जी तांबडी कुत्री दुचाकींच्या मागे लागते, जिच्याबद्दल दोन विद्यार्थिनींनी माझ्याकडे लेखी तक्रार दिलीय, ती भिंतीच्या भगदाडातून केव्हाच पसार झाली होती. गाडीवरच्या एका पोराला मी विचारलं, "अरे, तक्रार हिची होती, तू त्याला का घेतलंस?" तो हसला. त्याच्या पोटरीवर चाव्याचे जुने व्रण होते. "सर, चावणारं कुत्रं असं हातात येत नसतं. आणि आम्हाला संध्याकाळी आकडा द्यायचा असतो."

त्या पोराने एका वाक्यात जे सांगितलं ते मी अभिलेखांत वाचलेलं होतं. १८३२ सालची मुंबई. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा रिवाज जुनाच होता. त्या वर्षी मारण्याची मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आणे म्हणजे तेव्हा थोडेथोडके नाहीत. झालं काय, तर पिसाळलेल्या कुत्र्यामागे धावण्यापेक्षा ओट्यावर निजलेलं, माणसाळलेलं कुत्रं उचलणं सोपं. शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला स्थान आहे, प्रेताजवळ कुत्रं आणण्याचा विधी आहे. ६ जूनला, त्यांच्या सणाच्या दिवशी, फोर्टात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन, हिंदू, मुसलमान सामील झाले, आणि पलटणीची रसद अडली तेव्हा सरकारचे डोळे उघडले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे जनावरांचा निवारा, उभा राहिला. तो अजून आहे. आता तिथे मुख्यतः गाई असतात.

ही गोष्ट साधारणपणे 'पारशांचं श्वानप्रेम' म्हणून सांगतात. माझं वाचन थोडं वेगळं आहे. दंगल कुत्र्यावरून पेटली खरी, पण शिपाई ज्याच्यात शिरला ते माणसाचं आवार होतं. आणि तो शिरला कारण वरून डोकी मोजली जात होती. डोक्यावर पैसे लावले की सगळ्यात गरीब स्वभावाचं डोकं आधी पडतं. आज बक्षीस नाही, 'दैनंदिन प्रगती अहवाल' आहे. पण जाळी कुणावर पडते याचं गणित तेच राहिलंय. लस टोचलेलं, खाच पाडलेलं, माणसावर विसंबलेलं कुत्रं उचललं जातं. न टोचलेलं, बुजरं, चावरं मागे राहतं. आवारातलं एक कुत्रं कमी होतं आणि धोका मात्र सरासरीने वाढतो. हे मी प्राणिप्रेमातून म्हणत नाही. तुमच्या आरोग्याधिकाऱ्यांना विचारा. रेबीजची साखळी तोडायला दहातली सात कुत्री लस टोचलेली हवीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आलीय. त्या सातांतलीच आपण आधी पळवतोय.

शेजारचं गोवा बघा. तिथे २०१४ पासून राज्यभर गल्लोगल्ली जाऊन, जाळ्या घेऊन, मोबाइलवर नोंद करत कुत्र्यांना लस टोचली आणि तिथेच सोडून दिलं. शाळांमधून पोरांना शिकवलं. कुत्रं पिसाळल्याची खबर आली की पथक धावायचं. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत रेबीजने तिथे एकही माणूस दगावला नाही. गोव्यात काही कुत्री कमी नाहीत, किनाऱ्यावर जाऊन बघा.

आता दुसरी बाजू, कारण ती माझ्या अंगावर आहे. मी आठ वर्षांचा असताना आळीतल्या कुत्र्याने माझी मांडी फाडली होती. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतलेल्या पिढीतला मी आहे. पंधराव्या दिवशी आईने मला पेढा दिला होता, त्याची चव अजून आठवते. मागच्या वर्षी आमच्या मेसमधल्या मावशींच्या नातवाला वस्तीतल्या कुत्र्याने हाताला चावा घेतला, खोल. लस मिळाली. पण अशा जखमेत लसीसोबत जे सीरम टोचावं लागतं, ते त्या सरकारी दवाखान्यात नव्हतं. "मोठ्या हॉस्पिटलला जा." मोठ्यात गेले तर तिथला माणूस जेवायला गेलेला. मावशी रिक्षाला चारशे रुपये घालवून संध्याकाळी सातला परतल्या. पोरगं बचावलं. त्या दिवशी मला कुणी प्राण्यांच्या हक्कांवर बोलायला सांगितलं असतं तर माझी जीभ उचलली नसती.

म्हणून टीव्हीवरच्या चर्चा मला सोसत नाहीत. एका बाजूला स्वतःला कुत्र्यांचे आई-बाबा म्हणवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला बाविसाव्या मजल्यावरून 'उपद्रव' बघणारी माणसं. दोघांच्याही सोसायटीला फाटक आहे. ज्या पोराला कुत्रं चावतं आणि ज्या बाईच्या पायाशी कुत्रं झोपतं, ती दोघं बहुतेकदा एकाच वस्तीत, एकाच बोळात राहतात. त्यांना कुणी स्टुडिओत बोलवत नाही. तुमच्या नमुन्यातही त्यांना रकाना नाही.

सरकार काय मोजतं आणि काय मोजत नाही, यावर आम्ही वर्गात फुको हा फ्रेंच विचारवंत वाचून तासन्‌तास घालवतो. तुम्हाला दोन आकडे देतो, काम लवकर होईल. २०२४ मध्ये देशभरात कुत्रं चावल्याच्या ३७ लाख १७ हजारांवर नोंदी झाल्या, आणि रेबीजने झालेले संशयित मृत्यू नोंदले गेले ५४. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी घरोघरच्या पाहणीवरून अंदाज काढला तो वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा. चावा मोजला जातो कारण माणूस लस घ्यायला दवाखान्यात येतो. मरायला तो घरी जातो. आणि कुत्री? मुंबईत २०१४ ला ९५,१७२ मोजली, दहा वर्षांनी ९०,७५७. कुत्र्यांची संख्या आपल्याकडे एकक स्थानापर्यंत ठाऊक असते आणि माणसांच्या मरणाचा अंदाज शंभर पटींनी चुकतो.

कुंपणाकडे येतो, कारण माझ्यावर सध्या सगळ्यात जास्त दबाव त्याचाच आहे. आमच्या मागच्या भिंतीला मेसजवळ एक भगदाड आहे. कुत्री तिथून येतात हे खरं. पण ते कुत्र्यांनी पाडलेलं नाही. मागच्या वस्तीतल्या बायका सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला निघतात. आमच्या आवारातून गेलं तर बसस्टॉप चार मिनिटांवर आहे, रस्त्याने गेलं तर वीस. गेली पंधरा-वीस वर्षं सगळ्यांनी डोळेझाक केलेली ती वाट आहे. आता ती बुजवायचा ठराव झालाय. कारण नोंदवलंय 'श्वानप्रतिबंध'. कुत्रं आठ दिवसांत दुसरीकडून वाट काढेल, त्याला फार तर गटाराचं तोंड पुरतं. बायकांना नाही काढता येणार. आणि मेसचं खरकटं, ज्याच्यासाठी कुत्री मुळात येतात, ते ओल्या कचऱ्याच्या गाडीची वाट बघत तीन-तीन दिवस उघड्या पिंपात पडून असतं. त्याबद्दल मी तुमच्या अॅपवर चार तक्रारी केल्यात. चारही 'निराकरण झाले' म्हणून बंद आहेत.

जनावरांबद्दलचा आदेश कधी निव्वळ जनावरांबद्दल नसतो, हे मी इतकी वर्षं लिहीत आलो. भिंतीजवळ उभं राहून ते प्रत्यक्ष बघताना मात्र काही अभ्यासपूर्ण वगैरे वाटलं नाही. लाज वाटली, कारण ठरावावर माझी सही आहे.

शब्दांबद्दल थोडं, माझा धंदाच तो. तुमच्या परिपत्रकात एकाच पानावर 'भटकी', 'मोकाट' आणि 'बेवारस' असे तीन शब्द आलेत. बेवारस आपण प्रेताला म्हणतो आणि बसमधल्या पिशवीला. आमच्या गावाकडे कुणाचं कुत्रं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "आळीचं." एकाचं नाही आणि बेवारसही नाही. त्याला कुणी पट्टा बांधत नाही, पण ते चार दिवस दिसलं नाही तर चार घरांत विचारणा होते. २०२३ च्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांना हे थोडंफार कळलेलं दिसतं. त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्याला समुदायाचा प्राणी मानलंय. नामदेव पंढरपुरात भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते काही त्यांचं पाळीव कुत्रं नव्हतं. आणि त्याच मराठीत आपण 'हाल कुत्रं खाईना' असंही म्हणतो, तेही विसरू नये. देवाजवळ बसवायचं आणि दगडही मारायचा, असं दुहेरी नातं आहे हे. ते गोड नाही. पण नातं आहे.

वर्गात मी लेव्हिनासची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात हा ज्यू तत्त्वज्ञ जर्मनांच्या ताब्यात युद्धकैदी होता. छावणीतले आणि येताजाता भेटणारे लोक त्या कैद्यांकडे माणसं म्हणून बघत नसत. एक भटकं कुत्रं तेवढं सकाळी हजेरीला आणि संध्याकाळी कामावरून परतताना उड्या मारत, भुंकत त्यांचं स्वागत करायचं. कैद्यांनी त्याला बॉबी नाव दिलं होतं. त्याच्या लेखी ते माणूस होते यात शंका नव्हती, असं लेव्हिनासने पुढे लिहिलं. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्या कुत्र्याला हाकलून दिलं. एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "सर, पण त्यांनी का हाकललं? ते काय करत होतं?" मी उत्तर दिलं नाही. तास संपला होता.

तुलना ताणत नाही. तुम्ही पहारेकरी नाही, न्यायालयाचा आदेश तुम्हाला पाळायचाय आणि तुमच्याकडे माणसं, पैसा, जागा तिन्ही अपुरी आहेत. ११ ऑगस्टला दिल्लीसाठी एक आदेश, २२ ऑगस्टला त्यात बदल, ७ नोव्हेंबरला सार्वजनिक संस्थांपुरता पुन्हा वेगळा. या ओढाताणीत पशुवैद्यकीय विभागातला माणूस कोणता कागद धरून चालत असेल, मला कल्पना आहे. पण आदेशात जाळी आधी कुणावर टाकायची हे लिहिलेलं नाही. ते तुमच्या हातात आहे. आधी तक्रार असलेलं आणि लस न टोचलेलं कुत्रं धरा. त्याला वेळ लागेल, आकडा कमी दिसेल, आणि तो कमी दिसलेला आकडा वरच्यांना समजावून सांगायची हिंमत तुम्हाला दाखवावी लागेल. जाळीवाल्या पोरांना आकड्यावर तोलू नका, आणि त्यांना स्वतःला लस मिळालीय का, हे एकदा विचारा. मी विचारलं. त्या चौघांतल्या दोघांना आठवत नव्हतं.

आणि पावती द्या. रस्त्यातून स्कूटर उचललीत तर कुठल्या चौकीला नेली हे तिथे खडूने लिहून जाता. बिस्किटाला कुठे नेलं हे मी तीन दिवस विचारत होतो. पहिल्या दिवशी "वरून माहिती घेऊन सांगतो", दुसऱ्या दिवशी फोन बंद, तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं की नोडल अधिकाऱ्याने माहिती द्यायची असते, मागायची नसते. काका रोज पाळीवर आल्यावर माझ्याकडे बघतात. विचारत नाहीत. हल्ली ते खुर्ची फाटकाच्या आणखी जवळ ओढून बसतात, चांगला कान रस्त्याकडे करून.

सीरम प्रत्येक प्रभागातल्या एका तरी दवाखान्यात, रात्रीसुद्धा, असायला हवं. हे कुत्र्यांच्या फायलीत येत नाही, आरोग्याच्या फायलीत येतं, असं मला सांगितलं जाईल. मग त्या फायलीत घाला. भिंतीतलं भगदाड बुजवू नका, तिथे ढकललं की उघडणारं, आपोआप मिटणारं लोखंडी फाटक बसवू द्या. आमच्या सुताराने खर्च सांगितलाय, भिंत बांधण्यापेक्षा तो कमी आहे. ठरावावरची माझी सही मी कालच्या पत्राने मागे घेतलीय, त्याची प्रत सोबत आहे.

विहित नमुनाही भरून जोडत आहे. त्यात पेनाने उभी रेघ मारून मी एक रकाना वाढवलाय, त्याबद्दल क्षमस्व. मथळा 'कोणाचं'. नोंदी अशा :

बिस्किट, नर, डाव्या कानाला खाच. रात्रपाळीच्या काकांचं. सध्या तुमच्याकडे, ठिकाण माहीत नाही.

राणी, मादी, कानाला खाच. झाडलोट करणाऱ्या दोन्ही मावशींची. ग्रंथालयाच्या पायरीवर असते, वाचनालयाच्या वेळेत भुंकत नाही.

काळ्या, नर, खाच नाही. कॅन्टीनवाल्याचा, पण तो नाकारतो. लस द्यायची आहे. मी धरून ठेवीन, माझं ऐकतो.

तांबडी, मादी, खाच नाही. कोणाचीच नाही. दुचाकींच्या मागे लागते, दोन तक्रारी. हिला आधी न्या.

तांबडीचं पिल्लू, एक. ते कोणाचं होतंय ते अजून ठरायचंय. गेल्या सोमवारपासून वसतिगृहाच्या तळमजल्यावर दिसतं.

आपला,
श्वान नोडल अधिकारी
(नाव व क्रमांक फाटकावर)

डिसेंबर २०२५